वेबपृष्ठाची रचना : अर्थ आणि रूप

एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकावर घातलेला क्रमांक त्या पुस्तकाची जागा दाखवीत असे. अमुक कपाट, अमुक फळी आणि त्या फळीवरील अमुक पुस्तक, एवढाच त्या क्रमांकाचा अर्थ. ग्रंथालय नव्या इमारतीत गेले, किंवा मधल्या एखाद्या फळीवर नव्या पुस्तकांची भर पडली, की क्रमांक बदलणे भाग पडे आणि त्यांबरोबर सूचीही पुन्हा लिहावी लागे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात क्रमांक फळीला न देता पुस्तकाच्या विषयाला देण्यात आला. आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेले कोलन वर्गीकरण याच वाटेने बरेच पुढे गेले. पुस्तक कोठेही हलवले तरी त्याचा विषय बदलत नाही, आणि म्हणून त्याचा क्रमांकही बदलण्याचे कारण उरत नाही.

वेबपृष्ठ तयार करणाऱ्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. पृष्ठावरील मजकूर काय आहे हे त्याने लिहून ठेवावे, की तो कसा दिसावा हे लिहून ठेवावे? वरवर पाहता हा भेद बारीक वाटतो. परंतु कोणते पृष्ठ वीस वर्षांनी वाचता येईल, कोणते अंध वाचकाला ऐकता येईल आणि कोणते शोधणाऱ्याला सापडेल, हे बऱ्याच अंशी या एका निवडीवर ठरते.

सर्नमधील आरंभ

जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय संशोधनकेंद्रात काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. या केंद्रात निरनिराळ्या देशांतून शास्त्रज्ञ येत, काही वर्षे काम करीत आणि परत जात. त्यांची माहिती मात्र निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर विखुरलेली राही, आणि एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर वाचता येईलच याची शाश्वती नसे. ही अडचण दूर करण्यासाठी बर्नर्स-ली यांनी जी योजना आखली, तिच्यातून १९९० च्या अखेरीस पहिले ब्राउझर आणि पहिले वेबपृष्ठ तयार झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता जगाला खुले केले.

पृष्ठ लिहिण्यासाठी त्यांनी जी भाषा योजली ती एचटीएमएल या नावाने ओळखली जाते. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण करावयाची असते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पृष्ठाकडे नेणारा दुवा. शीर्षक किती मोठ्या अक्षरात असावे, कोणत्या रंगात असावे, याविषयी ही भाषा आरंभी जवळजवळ मौनच पाळीत असे. ते ठरविण्याचे काम वाचकाच्या संगणकाकडे सोपविले होते. एखाद्या संगणकावर शीर्षक ठळक टाइपात उमटे. केवळ एकसारखी अक्षरे दाखवू शकणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर तेच शीर्षक ओळीच्या मध्यभागी येई. पृष्ठ एकच, रूपे दोन, आणि दोन्ही वाचकांना हे शीर्षक आहे हे सारखेच कळे. सर्नमधील संगणकांची विविधता पाहता याखेरीज दुसरा मार्गही नव्हता.

रूपाचा मोह

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक या ब्राउझरमुळे मजकुरात चित्रे दिसू लागली आणि पुढील वर्षापासून व्यापारी ब्राउझरांची स्पर्धा सुरू झाली. मासिके आणि जाहिराती यांची मांडणी करणारे कुशल कलावंत या नव्या माध्यमाकडे वळले. त्यांना स्तंभ हवे होते, समास हवे होते, अक्षरवळणाची निवड हवी होती. आणि त्यांची ही मागणी गैर नव्हती. भाषेत सोय नव्हती म्हणून त्यांनी आडवाटा शोधल्या. आकड्यांचे तक्ते दाखविण्यासाठी जी खूण होती, तिचा उपयोग करून अख्खे पृष्ठ चौकटींत विभागण्यात येऊ लागले. दोन गोष्टींमध्ये मोकळी जागा हवी असेल तर तेथे एक पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारे चित्र ताणून बसविले जाई. शीर्षकाला शीर्षक म्हणण्याऐवजी ‘मोठी, तांबडी अक्षरे’ असे लिहिण्याची प्रथा पडली.

डोळस वाचकाला यात काही वावगे दिसत नसे. परंतु पृष्ठ ऐकून समजून घेणाऱ्या अंध वाचकाची स्थिती वेगळी होती. त्याचा संगणक मजकूर क्रमाने वाचून दाखवितो. तक्त्याच्या चौकटीत कोंबलेले पृष्ठ त्याला डावीकडील साऱ्या दुव्यांपासून ऐकावे लागे, आणि मुख्य बातमी कोठे सुरू होते हे सांगणारे शीर्षक तर पृष्ठात नव्हतेच. होती ती फक्त मोठी, तांबडी अक्षरे.

या गोंधळावरील उपाय फार आधी सुचला होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये नॉर्वेचे होकून व्हियुम ली यांनी अशी सूचना मांडली की, रूपाविषयीचे नियम मजकुरापासून वेगळे, एका स्वतंत्र पत्रकात लिहावेत. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिला आकार आला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ती सीएसएस या नावाने मान्य झाली. शंभर पृष्ठांतील शीर्षके निळी करावयाची झाल्यास शंभर ठिकाणी हात घालण्याचे कारण उरले नाही. पत्रकातील एक ओळ बदलली की पुरे. मात्र ब्राउझरांनी हे नियम नीट पाळू लागेपर्यंत कित्येक वर्षे गेली आणि तोवर तक्त्यांची सवय जडून बसली.

संगणकशास्त्राला हा विचार अपरिचित होता असे नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका निबंधात आज्ञावलीचे भाग कसे पाडावेत याची चर्चा केली होती. उदाहरण त्यांनी ग्रंथालयाला जवळचे घेतले होते : ग्रंथनामातील प्रत्येक शब्द पाळीपाळीने आरंभी आणून अकारविल्हे सूची तयार करणे. हे काम टप्प्याटप्प्यांत विभागले तर मजकूर साठविण्याची पद्धत बदलताच आज्ञावलीचा प्रत्येक भाग बदलावा लागतो, असे त्यांनी दाखविले. उलट, पुढेमागे बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवला, तर बदलाची झळ त्या एका भागापुरतीच राहते. पृष्ठाच्या बाबतीत रूप हा असा वारंवार बदलणारा निर्णय होय.

देवनागरीची कहाणी

अर्थाऐवजी रूप साठविल्याने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतीय भाषांनी पाहिले आहे. संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून देणारी आस्की ही संकेतावली अमेरिकेत १९६३ साली तयार झाली. तिच्यात जागा १२८, आणि त्या रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांनी भरलेल्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतावली आखण्यात आली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने त्या दिशेने मोठे काम केले. परंतु नेहमीच्या वापरातील संगणक इस्की जाणत नव्हते.

तेव्हा मुद्रकांनी आणि कचेऱ्यांनी सोपा मार्ग पत्करला. रोमन अक्षरांच्या क्रमांकांना देवनागरीच्या आकारांचा मुखवटा चढविणारे फॉन्ट तयार झाले. हिंदीत अतोनात लोकप्रिय झालेल्या कृती देव या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द लिहिण्यासाठी एच, के, के, जे, आर या पाच रोमन कळा दाबाव्या लागतात. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. कळांची ही मांडणी रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावरून घेतली होती, त्यामुळे हात बसलेल्या टंकलेखकांना ती लगेच आत्मसात झाली. तिच्या यशाचे रहस्य येथेच आहे, आणि दोषाचेही. टंकलेखन यंत्राला कागदावर आकार उमटविण्यापलीकडे काही करावयाचे नसते. संगणकाने मात्र ते पाच रोमन क्रमांक जसेच्या तसे साठविले. पडद्यावर ‘भारत’ दिसत असता त्याच्या लेखी तो शब्द कधी अस्तित्वातच नव्हता.

याचे परिणाम एकामागून एक समोर आले. ज्याच्या संगणकावर तो विशिष्ट फॉन्ट नाही त्याला पृष्ठावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसे. म्हणून अनेक भारतीय वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर प्रथम फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना असे. प्रत्येक फॉन्टनिर्मात्याने क्रमांक आपापल्या मर्जीने वाटल्यामुळे एका फॉन्टमधील लेख दुसऱ्यात वाचता येत नसे. शोधयंत्राला ‘भारत’ विचारला तर त्याला तो सापडणे शक्यच नव्हते. आणि अंध वाचकाला त्याचा संगणक इमानेइतबारे ‘एच के के जे आर’ असे वाचून दाखवी.

युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तिच्यात देवनागरीला स्वतःचे १२८ क्रमांक मिळाले आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावरून घेण्यात आली. येथे क्रमांक आकाराला नसून वर्णाला आहे, हा मुख्य फरक. ‘हिंदी’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘ह’च्या आधी दिसते, टंकलेखन यंत्रावर ती आधीच उमटवावी लागे आणि मुखवट्याच्या फॉन्टमध्येही तीच रीत होती. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘ह’नंतर येते. ‘सूर्य’ या शब्दातील रफार ‘य’च्या डोक्यावर दिसत असला तरी साठवणीत आधी र, मग हलन्ताचे चिन्ह आणि त्यानंतर य असतो. मराठीतील ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन, यांतील भेदही क्रमांकांतच नोंदवला जातो. एकात नेहमीचा र असतो, दुसऱ्यात खाली बिंदू असलेला. त्या क्रमांकांवरून योग्य आकार घडविणे हे फॉन्टचे आणि संगणकाच्या आज्ञावलीचे काम राहते. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट सुप्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता, आणि त्यानंतर फॉन्ट उतरवून घेण्याची गरज हळूहळू मावळली. शासकीय कामासाठी भारत सरकारने २००९ मध्ये युनिकोड हेच मानक ठरविले.

जुना मजकूर मात्र आपोआप शुद्ध होत नाही. प्रत्येक फॉन्टसाठी स्वतंत्र रूपांतरकोष्टक लागते. त्याहून बिकट अडचण अशी की, देवनागरी लेखात मध्येच एखादा खरा इंग्रजी शब्द असला आणि कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट लावला होता ही नोंद हरवली, तर खरी रोमन अक्षरे कोणती आणि मुखवटा घातलेली कोणती हे यंत्राला सांगता येत नाही. तेथे माणसालाच ओळ न ओळ तपासावी लागते. दशकभराच्या सोयीची ही किंमत अद्याप फिटलेली नाही.

युनिकोड स्वीकारल्याने आज्ञावली लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते असेही नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ या नावात वाचकाला चार अक्षरे दिसतात : ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या हिशेबी ती दहा चिन्हे आहेत, आणि वेबवर सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे ती जागा तीस बाइटांची होते. अर्जातील नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घालणाऱ्याने रोमन लिपी मनात धरून तो अंक निवडलेला असतो. असे नाव मध्येच तुटते, प्रसंगी एखाद्या चिन्हाच्या पोटातच तुटते, आणि मग अर्जदाराचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचे झाले की त्याची परवड सुरू होते. वर्णक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’ला लागून येतो, मराठी वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे. केवळ क्रमांक पाहून लावलेली यादी मराठी शब्दकोशाच्या क्रमाशी जुळत नाही. त्यासाठी भाषेचा नियम वेगळा द्यावा लागतो आणि पृष्ठ कोणत्या भाषेत आहे हेही पृष्ठातच नोंदवावे लागते. ही नोंद एका शब्दाची असते, आणि तीच बहुधा राहून जाते. ती नसली तर मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचला जाण्याचा संभव असतो.

सिडनीचा दावा

२००० साली सिडनी येथे भरणाऱ्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धांच्या संयोजन समितीने एक भव्य संकेतस्थळ उभारले होते. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने जून १९९९ मध्ये त्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे तक्रार दाखल केली. चित्रांना व चित्ररूप दुव्यांना शब्दांत वर्णन दिलेले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेच्या पृष्ठावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे त्यांना जाता येत नव्हते. आणि निकालांचे तक्ते ब्रेल यंत्रावर समजण्याजोगे नव्हते. समितीने उत्तर दिले की, ही दुरुस्ती करण्यास एका माणसाला वर्षाहून अधिक काळ आणि सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील. तज्ज्ञ साक्षीदारांनी हा अंदाज खोडून काढला. त्यांच्या मते थोड्या अनुभवी माणसांना हे काम सुमारे चार आठवड्यांत उरकता येण्यासारखे होते.

२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला आणि स्पर्धांच्या उद्‌घाटनापूर्वी, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, संकेतस्थळ सुधारण्यास सांगितले. समितीने ते पूर्णपणे केले नाही आणि पुढे तिला २०,००० डॉलर भरपाई द्यावी लागली. स्पर्धा मात्र तोवर संपल्या होत्या. या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विश्वव्यापी वेबचे मानक ठरविणाऱ्या संघाने सुगम्यतेविषयीची पहिली मार्गदर्शिका मे १९९९ मध्येच प्रसिद्ध केली होती. चित्राला वर्णन देणे हा तिच्यातील पहिलाच नियम. पृष्ठ लिहितानाच तो पाळला असता तर प्रत्येक चित्रामागे एका वाक्याचे काम होते. शेवटी करावयाचे ठरल्यावर त्याचे लाखांचे अंदाजपत्रक झाले.

भारतात २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम्य स्वरूपात मिळण्याची तरतूद केली. तरीही प्रश्न न्यायालयापर्यंत जातच राहिले. बँकेत खाते उघडताना ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगणाऱ्या आज्ञावल्या प्रचारात आल्या. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्य नव्हते, आणि अंध व्यक्तीला कॅमेऱ्यापुढे चेहरा नेमका धरता येत नव्हता. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून ही पद्धत सुगम्य करण्याचे निर्देश दिले. ‘समोर जिवंत माणूस आहे काय’ हे त्या आज्ञावलीला जाणून घ्यावयाचे होते; तिने ‘पापणी हलते काय’ एवढेच विचारले.

कामाची रीत

या साऱ्यातून निघणारी कामाची रीत साधी आहे आणि तिला महागडी साधने लागत नाहीत. प्रथम मजकूर लिहून त्याच्या भागांना योग्य खुणा कराव्यात. त्यानंतर रूपाचे पत्रक जोडावे. आणि हालचाली, आपोआप उघडणाऱ्या याद्या वगैरे सोयी सर्वांत शेवटी आणाव्यात. क्रम असा ठेवला म्हणजे दुबळ्या जोडणीवर किंवा जुन्या फोनवर वरचे थर गळून पडले तरी तळचा मजकूर शिल्लक राहतो. कसोटी घेण्यासाठी रूपाचे पत्रक काढून टाकून पृष्ठ वाचून पाहावे. शीर्षके शीर्षकांसारखी उरली आणि क्रम अर्थपूर्ण राहिला, तर पाया बरा आहे असे समजावे. मग माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने अर्ज भरून पाहावा. रकान्याचे नाव रकान्याशी जोडलेले असावे, नुसते शेजारी लिहिलेले नसावे. कारण शेजार हा डोळ्यांना कळतो, यंत्राला नाही. चूक झाली तर रकान्याची कडा तांबडी करून थांबू नये, काय चुकले ते शब्दांत सांगावे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर मार्गदर्शिकेनुसार किमान ४.५ : १ असावे लागते; करड्यावर फिकट करडे लिहिण्याची जी आवड पसरली आहे, ती या मापात सहसा बसत नाही आणि उन्हात फोन पाहणाऱ्या कोणालाही त्रासदायकच ठरते.

युनिकोडने जी अडचण दूर केली ती दुसऱ्या दाराने परत येताना दिसते, याचीही नोंद येथे केली पाहिजे. शासकीय परिपत्रक संगणकावर युनिकोडमध्ये टंकलिखित होते, छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि मग त्या कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर चढविले जाते. डोळ्यांना परिपत्रक दिसते. शोधणाऱ्याला ते सापडत नाही, ऐकणाऱ्याला ते ऐकू येत नाही, आणि त्यातील एक ओळ उचलून अर्जात घ्यावयाची तर ती पुन्हा हाताने लिहावी लागते. सहीच्या छायाचित्राबरोबर मूळ मजकुराची प्रतही जोडली तर हे टळते. ती प्रत बहुतेक वेळा टंकलिखित करणाऱ्याच्या संगणकावर पडूनच असते.